आबोनो, बोनो की बाले? मासिक पाससाठी नेमका स्पॅनिश शब्द

प्रश्न
प्रवासाच्या तिकिटांच्या एका ॲपचे मी सध्या स्पॅनिशमध्ये भाषांतर करीत आहे. त्यात सूट, व्हाउचर आणि मासिक पास हे शब्द पदोपदी येतात. मासिक पाससाठी मी ‘आबोनो मेन्सुआल’ लिहिले, कारण आमच्या बाईंनी वर्गात तेच शिकवले होते. भाषांतर तपासणाऱ्या माद्रिदच्या तपासनिसांनी ते मान्य केले, परंतु मेक्सिकोच्या तपासनिसांनी समासात ‘एकूण हप्ते किती?’ असा प्रश्न लिहून पाठवला. पडद्यावर वर ‘आबोनो मेन्सुआल’ आणि खाली रक्कम पाहून त्यांना तो कर्जाचा मासिक हप्ता वाटला होता. दोन्ही देशांत चालेल असा एकच शब्द आहे काय?

प्रतिसाद १
आपल्या बाईंनी चूक शिकवलेली नाही. माद्रिदला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तंबाखूच्या दुकानात, म्हणजे तिथल्या ‘एस्तांको’मध्ये, महिन्याचा ‘पासे’ मागितला, तेव्हा दुकानदार बाईंनी माझे कार्ड हातात घेत ‘आबोनो?’ एवढेच विचारले. तिथे ३० दिवसांचा तो आबोनो आणि मोजक्या फेऱ्यांचा तो बोनो. दहा फेऱ्यांच्या बसतिकिटाला म्हणूनच ‘बोनोबुस’ म्हणतात. ‘पासे’ म्हटले की आत जाण्याची परवानगी, चित्रपटाचा खेळ किंवा फुटबॉलमध्ये सहकाऱ्याकडे ढकललेला चेंडू डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद २
मेक्सिकोच्या तपासनिसांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. हप्त्याने वस्तू घेणे याला तिथे ‘एन आबोनोस’ म्हणतात हे खरे आहे, परंतु माँतेरेईच्या तिग्रेस या फुटबॉल संघाच्या हंगामभराच्या तिकिटालाही तिथले लोक आबोनोच म्हणतात. घोटाळा ‘मेन्सुआल’ आणि रक्कम शेजारी आल्याने झाला. ‘३० दिवस अमर्याद प्रवास’ अशी ओळ खाली दिली, तर कोणीही हप्ता समजणार नाही.

प्रतिसाद ३
व्हाउचरचा प्रश्न मागे पडू नये. पैशांऐवजी दुकानात चालणारा कागद तो ‘बाले’. मेक्सिकोत पगारासोबत मिळणारे किराण्याचे ‘बालेस दे देस्पेन्सा’ सर्वांना माहीत आहेत. स्पेनमध्ये ‘कुपोन’ चुकीचा नाही, परंतु रस्त्यात नुसता ‘कुपोन’ म्हटला की लोकांना ‘ओन्से’ या अंध व्यक्तींच्या संस्थेचे लॉटरीचे तिकीट आठवते. ‘बाले’ला दुसरी अडचण आहे: स्पेनमध्ये ‘बरं, ठीक आहे’ म्हणायलाही तोच शब्द दिवसभर वापरतात, म्हणून बटणावर तो एकटा ठेवू नये. आणि कृपया ‘वाले’ लिहू नये. स्पॅनिशमध्ये तो उच्चार ‘ब’चाच आहे.

प्रतिसाद ४
माझ्या मते बोनो आणि आबोनो यांचे मूळ ‘ब्वेनो’ म्हणजे चांगला या शब्दात आहे. आबोनो म्हणजे खतसुद्धा. माझ्या बाल्कनीत जिरेनियमच्या खताची पिशवी आहे, तिच्यावर हाच शब्द ठळक छापलेला आहे. जमीन चांगली करणारे ते खत आणि ग्राहकाचे भले करणारा तो पास, असा अर्थ सहज लागतो.

प्रतिसाद ५
असा सहज लागणारा अर्थच आपल्याला फसवतो. खताच्या आबोनोबाबत आपण म्हणता ते बरोबर आहे, परंतु वर्गणीचा आणि पासचा आबोनो फ्रेंच ‘आबोने’ या क्रियापदावरून आला, आणि त्याच्या मुळाशी हद्द या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द आहे. हे दोन शब्द केवळ दिसायला सारखे आहेत.

प्रतिसाद ६
मराठीतही हेच घडलेले आहे. शेतात घालतो ते खत, आणि खरेदीखतातले खत म्हणजे अरबी-फारसीतून आलेला दस्तऐवज! आमच्या आजोबांच्या कपाटात १९५२ चे एक गहाणखत होते आणि लहानपणी मला वाटे की जमिनीचा कागद म्हणून त्याला शेणखताचे नाव मिळाले असावे.

प्रतिसाद ७
खताची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी इतकी ती मोलाची आहे, परंतु सूट आणि सवलत यांतला फरक कोणी पाहिला नाही. एसटीत ज्येष्ठांना मिळते ती सवलत, दुकानदार देतो ती सूट. दुकानातली सूट ‘देस्क्वेंतो’ झाली, परंतु ठरावीक गटासाठी कमी केलेल्या भाड्याला ‘तारिफा रेदुसिदा’ अधिक योग्य वाटते. ‘रेबाहास’ मात्र इथे आणू नये, कारण अनेकवचनात तो हंगामी सेल असतो: स्पेनमध्ये ६ जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की सुरू होणारा, आणि दुसरा उन्हाळ्यात. २०१२ च्या कायद्याने तारखांचे बंधन सैल झाले, तरी लोकांच्या तोंडी हाच अर्थ आहे.

प्रतिसाद १ यांचे उत्तर
हा भेद स्पेनमध्ये इतका काटेकोर नाही. मोठ्या कुटुंबांना रेल्वेत मिळते त्या सवलतीला तिथले सर्वजण देस्क्वेंतोच म्हणतात.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. मेक्सिकोच्या तपासनिसांना आता ‘पासे मेन्सुआल’ चालेल, परंतु माद्रिदचे तपासनीस ‘हा कारखान्याच्या फाटकावरचा परवाना वाटतो’ म्हणून तो खोडत आहेत. एकच फाइल ठेवण्याची कंपनीची अट आहे. तिग्रेसचे उदाहरण आज पाठवून पाहते.

प्रतिसाद ५
उदाहरण अवश्य पाठवावे. त्याबरोबर प्रतिसाद ६ यांना एक विनंती आहे: त्या गहाणखतावर ‘खत’ लिहिले होते की ‘पत्र’, हे शक्य असल्यास पाहून सांगावे.