काल आरतीचा पूर्ण व्हिडिओ कुणाकडे आहे का?

बी-३०२ (सकाळी ७.४२)
सगळ्यांना सुप्रभात 🙏 काल रात्री ग्रुपवर आमच्या बायचा, म्हणजे मुलीचा, घुमट (मातीच्या मडक्याला चामडं ताणलेलं आपलं गोव्याचं वाद्य) वाजवतानाचा व्हिडिओ आला तो बघून गावाकडून सासूबाईंचे, माझ्या भावाचे, सगळ्यांचे फोन येतायत, ज्यांनी टाकला त्यांचे खूप आभार. पण एक विचारायचं होतं. तो व्हिडिओ मधे कापलेला आहे, तिसऱ्या आरतीत चाल वाढली आणि ती थांबली तो भाग काढलाय. कुणी चांगल्या मनानेच काढला असणार, पोरीची चूक दिसू नये म्हणून. पण कुणाकडे न कापलेला असेल तर प्लीज पाठवा, मला नेमका तोच भाग हवाय.

ए-२०३ (७.५०)
अगो मीच कापला तो 😔 म्हटलं तिला वाईट वाटेल. पूर्ण आहे माझ्याकडे, मोठा आहे, वायफाय आलं की पाठवते. पण तोच भाग का गो?

बी-३०२ (८.०५)
वाईट काहीच नाही ताई, उलट तुमच्यामुळेच मिळणार. सांगते का ते, मेसेज लांबेल. चतुर्थीच्या दीड महिना आधी तिने स्वतःहून म्हटलं मला घुमट शिकायचंय, वय नऊ, आणि आमच्या घरात आजवर कुठल्या मुलीने घुमट हातात घेतलेलं नाही, गावात एका नातेवाइकाने तर तोंडावर म्हटलं की पोरींनी फुगडी घालावी. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून रोज शाळेतून आली की आधी मांडीवर ताल आणि मग घुमट. पहिल्या आठवड्यात उजव्या हाताची बोटं लाल व्हायची, करंगळीला चिकटपट्टी लावून वाजवायची. डाव्या हाताचं तर वेगळंच, मागच्या बारीक तोंडावर तळव्याची उघडझाप करायची त्यावर आवाज जाड-बारीक होतो, ते दोन्ही हात एकत्र जमायला तिला तीन आठवडे लागले.

आणि काल चाल वाढली तेव्हा तिचा ताल सुटला. मी समोरच होते, माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं आता रडणार नाहीतर घुमट गळ्यातून काढून माझ्याकडे पळत येणार. तिने काय केलं माहितीय, डावा तळवा घुमटाच्या तोंडावर तसाच दाबून धरला, वाजवणं बंद, आणि नजर शामेळवर, ते काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य. काठ्या कशा पडतायत ते बघत ओठांनी मोजत होती. दोन ओळी गेल्या आणि तिसऱ्या ओळीला बरोबर आत शिरली. कुणी सांगितलं नाही, कुणी खुणावलं नाही. बाकी पूर्ण आरती तिने कितीही छान वाजवली असती ना तरी मला त्या दोन ओळींएवढा आनंद झाला नसता, खरंच सांगते, रात्री झोप लागली नाही मला.

ए-१०१ आज्जो (८.३१)
मी शामेळवर होतो. बायने माझ्याकडे बघितलेलं मला कळलं. म्हणून मी काठी थोडी जोरात टाकली. ताल सुटल्यावर गप्प राहून परत शिरणे हे मोठ्या माणसांनाही जमत नाही, ते तसेच रेटत राहतात आणि सगळ्यांना घेऊन बुडतात. मी माशेलला लहानपणी शिकलो तेव्हा आम्हाला खरं घुमट हातात द्यायचेच नाहीत, मातीचं, फुटेल म्हणून. वर्षभर नुसतं कासाळे, म्हणजे मोठ्या झांजा. तेव्हा घोरपडीचं चामडं असायचं, पावसातही आवाज तसाच टणक. आता १९७२ च्या कायद्याने घोरपड मारायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे, त्या प्राण्याचा काय दोष. आताचं बकरीचं चामडं दमट हवेत सैल पडतं, म्हणून काल मी हॅलोजनच्या दिव्याजवळ धरून तापवून दिलं होतं. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण वाजवणारी पोरंच नसतील तर नुसत्या मानाचं काय करायचं. आता बायकांचीही घुमट आरतीची पथकं आहेत, त्या नातेवाइकाला हे सांगा.

बी-३०२ (८.३६)
आज्जो 🙏🙏 काठी जोरात टाकली ते मला आत्ता कळलं. तिला वाचून दाखवते.

सी-४०१ (८.५८)
मला वाचूनच भरून आलं. आमचा बाब सात वर्षांचा, गेले चार महिने कांपालच्या स्विमिंग पूलवर नेतोय, पर्वरीहून पूल ओलांडून रोज संध्याकाळी. पहिला महिनाभर तो नुसता पायऱ्यांवर बसायचा, पाण्यात तोंड घालायला तयार नाही. मी एकदा ओरडलो पण त्याच्यावर, की फी भरलीय. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग ओरडणं सोडलं, नुसतं काठावर बसलो. गेल्या गुरुवारी त्याने गॉगल लावला, नाक दाबलं आणि डोकं खाली घातलं, चार सेकंद असेल, वर आला तो खोकतच आणि पहिलं वाक्य काय तर पप्पा खाली टाइल्स निळ्या आहेत. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. पोहता अजून येत नाही त्याला.

ए-२०३ (९.०४)
निळ्या टाइल्स 😍 किती गोड

बी-१०२ (९.२०)
सगळ्या मुलांचं कौतुकच आहे, खरंच. पण एक विनंती आहे, राग मानू नका. मी बांबोळीला हॉस्पिटलात नाईट ड्युटी करते, दुपारी झोपते, आणि बी विंगमध्ये घुमटाची प्रॅक्टिस चार वाजता सुरू होते ती बरोबर माझ्या डोक्यावर. चतुर्थी आहे म्हणून आजपर्यंत काही बोलले नाही.

बी-३०२ (९.२६)
ताई अगो आधीच सांगायचं ना, मला खरंच कल्पना नव्हती, सॉरी. तुम्ही रात्रभर जागून पेशंटचं करता आणि आम्ही वर ढमढम. आजपासून चारला नाही. किती वाजता उठता तुम्ही?

बी-१०२ (९.३१)
साडेपाचला. त्यानंतर कितीही वाजवू दे, मला आवडतं ऐकायला. काल मी खिडकीतून बघत होते, ती थांबली तेव्हा मीपण श्वास धरला होता.

सेक्रेटरी (९.४०)
मग असं करू, साडेपाच ते साडेसहा खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये, सी विंगच्या बाजूला. तिथे दोन गाड्या लागतात त्या तेवढा वेळ बाहेर लावायला सांगतो. अजून कुणाच्या मुलांना शिकायचं असेल तर आज्जोंना विचारून घ्या, त्यांच्या गुडघ्याचं बघून.

ए-१०१ आज्जो (९.४४)
गुडघ्याला काय झालंय. खुर्ची द्या एक.

सी-४०१ (९.४७)
आमच्या बाबला कासाळे चालेल का? पोहण्याच्या दिवशी सोडून.

ए-१०१ आज्जो (९.४९)
कासाळेच आधी. जड असतं, दोन्ही हातांनी धरायला शिकव.

बी-३०२ (१०.१५)
धाकट्यालाही घेऊन येते मग, पाच वर्षांचा आहे, काल त्याच्या हातातून कासाळ्याची एक वाटी पडली आणि गणपतीसमोर घरंगळत गेली, तो गेला, उचलून आणली, पुसली शर्टाला आणि परत उभा राहिला. त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही बहुतेक. ताईचं बघूनच करतो सगळं.

ए-२०३ (१०.२२)
पूर्ण व्हिडिओ 👇 सहा मिनिटांचा आहे, चौथ्या मिनिटाला बघ.

बी-३०२ (१०.४१)
मिळाला. तीन वेळा बघितला. दुसऱ्यांदा बघताना मागून तीही येऊन उभी राहिली, मला वाटलं लाजेल, तर म्हणाली मम्मा इथे मी पायाने पण मोजत होते, दिसतंय बघ. खरंच दिसतंय, उजवा अंगठा हलतोय.

आज्जो, तिचा तुमच्यासाठी निरोप आहे, उद्या चाल वाढवायच्या आधी एकदा माझ्याकडे बघा म्हणते.

ए-१०१ आज्जो (१०.४५)
बघतो म्हणावं. आणि घुमट अर्धा तास आधी खाली घेऊन ये म्हणावं, तापवायला लागणार. पाऊस आहे.