सिव्हिलची डिग्री झाली, आता साइटवर जाऊ की रेव्हिटचा क्लास लावू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

यंदा बी.ई. सिव्हिल झालो. पॉइंटर ८.२, शेवटच्या वर्षी फ्लाय ॲशच्या विटांवर प्रोजेक्ट. एवढ्यावर कुठेतरी चिकटू असं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात वाकडला मुलाखत होती. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) घोकून गेलो होतो, साहेबांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. कॉलमचं ड्रॉइंग पसरलं आणि म्हणाले, "१६ एमएमची सळई, अख्खी १२ मीटरची. एका नगाचं वजन?" मी गप्प. चहा घेऊन बसलेला सुपरवायझर मान वर न करता म्हणाला, "एकोणीस किलो." व्यासाचा वर्ग भागिले १६२, गुणिले लांबी. हे मी परीक्षेत लिहिलंय हो!

आता पुण्यात रेव्हिटचा (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) चार महिन्यांचा क्लास आहे, फी ४५ हजार, "नोकरीची हमी". दुसरीकडे कराडचा एक कंत्राटदार ट्रेनी म्हणून घेतोय, १२ हजार आणि खोली. बाबा म्हणतात, एवढं शिकून उन्हात कशाला उभा राहतोस. ऑटोकॅड येतं, एक्सेल जेमतेम. काय करू?

जुना साइटवाला:
भावा, कराड गाठ. रेव्हिट वाईट नाही, मोठ्या फर्मला लागतंच. पण स्लॅब ओतताना बघितला नसेल तर तुझं मॉडेल म्हणजे नुसतं चित्र. सुरुवातीला सळया कापणाऱ्या-वाकवणाऱ्या फिटरचा पिच्छा सोडू नकोस. बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई किती लांब, कशी वाकवायची याचा तक्ता) स्वतः काढ आणि तो प्रत्यक्ष किती कापतो ते ताडून बघ. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे ठोकळे), रिंगांचं अंतर, सगळे लॅप म्हणजे सळयांचे जोड एकाच जागी तर आले नाहीत ना, हे बघून मगच खोलीवर जायचं. क्यूबचं (काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांचं) रजिस्टर मागून घे, ७ आणि २८ दिवसांचे आकडे तूच लिही. आणि हिंदी सुधार, माझ्या साइटवर सेंट्रिंगवाले (काँक्रीटचा साचा बांधणारे) सगळे बिहार-बंगालचे. माझ्या हिंदीवर ते वर्षभर हसले.

पगार वेळेवर होतो का, ते तिथल्या पोरांना आधी विचार. मालकाला नको.

बिलिंगवाली:
साइटवाले बिलिंगला कारकुनी समजतात, म्हणून लिहितेय. आरए बिल (काम चालू असताना झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याने काढायचं बिल) ज्याला नीट बनवता येतं त्याला कंत्राटदार सहसा सोडत नाही. दिवसा साइट कर, रात्री एक्सेल आणि आयएस १२०० (बांधकाम मोजायच्या नियमांचं मानक). घरातलीच एक भिंत घे, प्लास्टर मोज आणि इथे टाक. क्लासवाल्यांकडे ती "हमी" लेखी मागून बघ, काय म्हणतात ते!

धागाकर्ता:
ताई, सोमवारी कराडला निघतोय. बाबा अजून फुगलेत. स्वयंपाकघराची भिंत ३.६ × ३ मीटर, दोन्ही बाजूंनी २१.६ चौ.मी. खिडकी १.२ × ०.९, ती दोन्हीकडून वजा केली. उत्तर १९.४४.

बिलिंगवाली:
चूक. दोन्हीकडे सारखंच प्लास्टर असेल तर ०.५ ते ३ चौ.मी.ची खिडकी एकाच बाजूने वजा करायची. खिडकीच्या कडांचं प्लास्टर वेगळं धरत नाहीत, ते त्यातच भरून निघतं. २०.५२ लिही. जायच्या आधीच मालकाचं चौरस मीटरभर बुडवलंस!