शब्दचर्चा : सिंथमधल्या 'व्हॉइस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (सातारा) :
मुलांना प्युअर डेटात (चौकटी जोडून आवाज घडवायचा संगणकावरचा प्रोग्राम) सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, करायला शिकवते, त्याची टिपणं मराठीत काढतेय. 'पॉली ४' ही चौकट आलेले सूर व्हॉइसना वाटून देते, त्यातला ४ म्हणजे चार व्हॉइस, एका वेळी चार सूर. मी 'चार आवाज' लिहिलं, तर निम्मी पोरं आवाज कमी-जास्त करायची जागा शोधत बसली. 'स्वर' म्हणावं तर 'सात असतात, चारच का?' आणि 'व्हॉइस स्टीलिंग'ला (सगळे व्हॉइस गुंतलेले असताना नव्या सुरासाठी त्यातला एक हिसकावणं) काय लिहू? जाता जाता, आमच्या पॅचमध्ये (चौकटींच्या जोडणीत) दर चौथा सूर गप्प बसतो. पॉलीच्या पुढं पॅक (आकडे एकत्र बांधणारी चौकट) आणि मग क्लोन (एकाच पॅचच्या अनेक प्रती करणारी) आहे.

उत्तर (मिरज) :
'तार' लिहा बिनधास्त. तंबोऱ्याची जोडी बघा, दोन्ही तारा एकाच षड्जाला लावलेल्या. सूर एक, तारा दोन. व्हॉइस म्हणजे सूर नव्हे, सूर ज्याच्यावर वाजतो ते. घुमती तार पुन्हा छेडली की आधीचा नाद तिथंच तुटतो, स्टीलिंग म्हणजे तेवढंच. 'चोरी' कशाला? 'तार काढून घेणं' म्हणा. 'पॉली ४ १' लिहिलं तर पाचव्या सुरासाठी सगळ्यात जुन्या सुराची तार काढून घेतली जाते. तो १ नसेल तर पाचवा सूर सरळ गाळला जातो.

गप्प सुराचं सांगतो. पॉली १ पासून मोजतो, क्लोन ० पासून. त्यामुळं ४ नंबरला घेणारंच कुणी नाही, आणि ०ची तार कायम कोरी. 'क्लोन -एस १' लिहून पुढं पॅचचं नाव आणि ४ टाका.

उत्तर (विटा) :
तंबोऱ्याची तार एका सुराला बांधलेली असते हो, व्हॉइसला कुठलाही सूर चालतो. फार तर सतारीची बाजाची तार म्हणा. पेटीवाले तर रीडलाच 'सूर' म्हणतात, पण तिथं प्रत्येक पट्टीला स्वतःचा सूर, काढून घ्यायचा प्रश्नच येत नाही. मी आपला 'व्हॉइस'च म्हणतो. मदतीची पानं इंग्रजीत आहेत, पोरांना उद्या तीच वाचायचीत.

प्रश्नकर्ती :
-एस १ घातलं, चारही वाजतात. टिपणात एकदाच 'व्हॉइस म्हणजे तार' लिहीन, पुढं तार. 'बाजाची' मात्र नको, सतार न पाहिलेल्यांना ती आणखी समजवावी लागेल. आता चार पट्ट्या एकदम दाबल्या की आवाज फाटतो.

उत्तर (मिरज) :
क्लोन सगळ्या तारांची बेरीज करून बाहेर काढतो. बेरीज १ च्या वर गेली की वरचा भाग कापला जातो. बाहेर पडताना ०.२५ नं गुणा.

उत्तर (विटा) :
'तार' ठरलीच असेल तर 'मोकळी' आणि 'अडकलेली' हे दोन शब्दही टिपणात घ्या, खरी भानगड तिथंच होते. पट्टी सोडल्यावर त्याच सुराचा वेग (पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा) ० होऊन पॉलीकडं आला पाहिजे. पुष्कळजण पॉलीच्या आधीच 'स्ट्रिपनोट' लावतात. तो शून्य गाळतो, मग एकही तार मोकळी होत नाही आणि पॉलीत तो १ नसेल तर चार सुरांनंतर सगळं ठप्प. मॅक्समध्ये (प्युअर डेटासारखाच दुसरा प्रोग्राम) रीत निराळी. तिथं व्हॉइसच्या आतल्या 'धिसपॉली' चौकटीला १ मिळाला की ० मिळेपर्यंत तो व्हॉइस अडकलेलाच धरतात, म्हणून सूर पुरता विरल्यावरच तो ० पाठवायचा.