सेल्फ-क्लीन संपलं, ओव्हनचं दार मात्र लॉकच

प्रश्न: सेल्फ-क्लीन, म्हणजे ओव्हन प्रचंड तापवून आतली घाण जाळायची सोय, वापरली. आता ओव्हन पूर्ण थंड झालाय, तरी दार उघडत नाही. लॉकची मोटर घरघरत राहते, मग एरर येतो. कंट्रोल बोर्ड (ओव्हन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदलावा का?

उत्तर १: बोर्ड इतक्यात नको, महागडा अंदाज ठरेल. एमसीबी (ओव्हनची वीज तोडणारा मेन स्विच) पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा. कधी कधी लॉक आपोआप मूळ जागी येतं. दार हिसकू नका, हुक वाकतो.

उत्तर २: मोटर फिरतेय, म्हणजे संशय मायक्रोस्विचवर, म्हणजे लॉकजवळच्या छोट्या स्विचवर. मोटरनं फिरणारी चकती (कॅम) तो दाबते, त्यावरूनच बोर्डाला लॉकची स्थिती कळते. वीज तोडून स्विचच्या वायरी काढा, मल्टिमीटर ओमवर (रोध मोजायला) लावा. दाबल्या-सोडल्यावर रीडिंग शून्याजवळून ओपनवर (सर्किट तुटलेलं) जायलाच हवं.

उत्तर ३: त्याआधी स्विचचे टर्मिनल (वायरी जोडायच्या जागा) बघा. सेल्फ-क्लीनमध्ये आत ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. त्या झळीनं ते काळे, सैल पडतात.