व्हेरिएबल फॉन्टचं डिफॉल्ट लाइटवर की रेग्युलरवर? आणि शैलींना नावं कोणती द्यायची?

नौपाड्याची अक्षरं

गेली दोन वर्षं एक देवनागरी व्हेरिएबल फॉन्ट काढतेय, म्हणजे एकाच फाइलमध्ये अक्षराची जाडी-रुंदी हवी तशी सरकवता येते असा फॉन्ट. सरकवायचे अक्ष दोन: वजन (रेघेची जाडी) ३०० ते ८००, रुंदी ७५ ते १००. वजनाचे मास्टर, म्हणजे हातानं काढलेले मूळ आराखडे, मी टोकांचेच रेखाटलेत, लाइट (३००) आणि एक्स्ट्राबोल्ड (८००). मधली वजनं गणितानं निघतात. डिफॉल्ट, म्हणजे काहीच न निवडता जे रूप दिसतं ते, जिथे ठेवायचं तिथे मास्टर असावाच लागतो, म्हणून सोयीसाठी ते लाइटवर ठेवलं होतं.

मागच्या महिन्यात चाचणीची फाइल गोखले रोडजवळच्या एका डीटीपीवाल्यांना दिली. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, २०१६ साली हे तंत्र जाहीर झालं त्याच्याही आधीचं. त्याला अक्ष कळतच नाहीत, फाइलमध्ये मूळ म्हणून जी बाह्यरेषा ठेवलेली असते तेवढीच ते वाचतं. त्यामुळे एका सोसायटीची नोटीस आख्खी लाइटमध्ये छापली गेली. झेरॉक्सची झेरॉक्स निघाल्यावर शिरोरेषा तुटायला लागली. आपल्या लिपीत शिरोरेषा तुटणं म्हणजे अक्षरच बदलणं: घ आणि ध, म आणि भ यांच्यात फरक काय तो तिथलाच. नोटिशीत 'घरपट्टी'ची 'धरपट्टी' झाली होती.

माझं मत आता पक्कं आहे. डिफॉल्ट वजन ४००, रुंदी १००, नाव रेग्युलर. त्यासाठी तिसरा मास्टर काढावा लागला तरी काढायचा. ज्याच्यापर्यंत नुसतं डिफॉल्ट पोचतं, त्याच्याकडे ते बदलायची सोय नसते. त्याचा विचार आपणच आधी करायला हवा.

महापेचा कोडकरी

ताई, मला हे पटत नाही. तुमचा फॉन्ट सगळ्यात जास्त वापरला जाणार वेबवर. तिथे ब्राउझर फाइलच्या डिफॉल्टकडे बघत नाही. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, साधं वजन म्हणजे ४००, तेच तो वजनाच्या अक्षाला लावतो. डिफॉल्ट ३०० असो की ८००, वाचणाऱ्याला रेग्युलरच दिसणार.

खर्चही बघा. देवनागरीत जोडाक्षरं धरून आठ-नऊशे आकार सहज होतात. आता बाह्यरेषेच्या प्रत्येक बिंदूला वजनापुरता फरकाचा (डिफॉल्टपासून तो किती सरकतो त्या आकड्यांचा) एकच संच लागतो, मधला मास्टर आणला की दोन होतील. फाइल वाढेल, आणि स्वस्त फोनवर, रेंज नसलेल्या ठिकाणी मराठी बातमी वाचणाऱ्याला तो भार सोसावा लागेल. त्याचाही विचार आधी व्हायला हवा की नको? टोकाला डिफॉल्ट ठेवण्यात गैर काहीच नाही. गूगलच्या नोटो सॅन्स देवनागरी फॉन्टमध्ये रुंदीचा अक्ष ६२.५ ते १०० आहे आणि डिफॉल्ट १००, म्हणजे अगदी टोकालाच.

नौपाड्याची अक्षरं

नोटोचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे टोकाला जे आहे तीच नेहमीची रुंदी आहे. माझ्या फॉन्टमध्येही रुंदीचं डिफॉल्ट टोकालाच राहणार, १०० वर. टोकाशी माझं भांडण नाही. लाइट हे नेहमीचं वजन नाही, एवढंच म्हणतेय.

आणि तिसरा मास्टर मला नाहीतरी काढावाच लागणार असं दिसतंय. लाइट आणि एक्स्ट्राबोल्डमधून सरळ रेषेत काढलेला रेग्युलर क, र, प ला छान दिसतो, पण 'द्ध', 'ष्ट्र', 'क्ष' मध्ये बिघडतो. एक्स्ट्राबोल्डमध्ये जागा पुरावी म्हणून या अक्षरांच्या पोकळ्या मी मुद्दाम ओढूनताणून उघड्या ठेवल्यात. ती ओढाताण मधल्या वजनात झिरपते आणि जोडाक्षर शेजारच्या अक्षरांपेक्षा बारीक भासतं. नुसता अक्षाचा वेग (कुठल्या आकड्याला जाडी किती वाढते ते) बदलून हे सुटत नाही, कारण तो सगळ्या अक्षरांना एकदमच लागतो.

जुना जुळारी

मुली, तुझं बरोबर आहे. मी ठाण्यात खिळे जुळवले, पुढे ऑफसेट केलं, आता डीटीपी करतो. धातूच्या खिळ्यांत प्रत्येक पॉइंटाचा टाइप वेगळा कोरलेला असायचा. लहान टाइप जरा रुंद आणि अंगानं भरलेला, कारण तो वाचायचा असतो. माझं तर म्हणणं, डिफॉल्ट ४५० वर ठेव. झेरॉक्स मशीन बारीक रेघ खातं, हे रोज बघतो.

महापेचा कोडकरी

काका, ४५० नको. मग वेबवर साधा मजकूर ४०० ला आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ४५० ला दिसेल, एकाच फॉन्टचे दोन चेहरे. ४०० हा नुसता आकडा आहे, त्या आकड्यावर अक्षर किती काळं दिसावं हे ताईंच्या हातात. रेग्युलरच जरा भरीव काढावा.

एका गोष्टीत मात्र मी ताईंच्या बाजूनं आहे. जे काय ठरवायचं ते फॉन्ट बाहेर पडायच्या आधी ठरवा. सगळे फरक डिफॉल्टपासून मोजलेले असतात. नंतर ते हलवलं तर सगळी मोजणी नव्यानं करावी लागते, आणि ज्यांनी नुसतं डिफॉल्ट वापरून कागद तयार केलेत त्यांच्या कागदांचा चेहरा न सांगता बदलतो.

नेरूळची शिक्षिका

मला अक्षांतलं कळत नाही, नावांबद्दल बोलते. सहा वजनं आणि तीन रुंद्या धरल्या तर यादीत अठरा नावं येतील. आमच्या शिक्षकखोलीतला संगणक उघडून बसलेल्या माणसाला ती वाचूनच नको वाटेल. चार पुरेत. आणि मराठी फॉन्टमधली नावं मराठीत का नकोत? बारीक, साधा, निमठळक, ठळक. निमसरकारी चालतं तर निमठळक का चालू नये?

जुना जुळारी

बाई, शब्द गोड आहेत. पण गिऱ्हाईक माझ्यासमोर बसून 'हे बोल्ड करा' असंच म्हणतं. पत्रिका छापायला आलेल्या आजीसुद्धा बोल्डच म्हणतात.

नेरूळची शिक्षिका

म्हणतात, कारण यादीत दुसरं काही कधी दिसलंच नाही. माझ्या वर्गातली मुलं 'ठळक अक्षरात लिहा' हे प्रश्नपत्रिकेत वाचतात आणि बरोबर करतात. शब्द जिवंत आहे, फक्त संगणकात नाही.

महापेचा कोडकरी

अडचण वेगळीच आहे. फॉन्टचं पोस्टस्क्रिप्ट नाव (सॉफ्टवेअर फॉन्ट ओळखायला वापरतं ते आतलं नाव) रोमन अक्षरांतच लागतं. बाकीची नावं मराठीत देता येतात, फॉन्टमधल्या नावांच्या तक्त्यात, नेम टेबलमध्ये, मराठीसाठी वेगळी नोंद करता येते. पण एका संगणकावर मराठी नाव साठवलेला कागद दुसऱ्या, इंग्रजीत चालणाऱ्या संगणकावर गेला की काही सॉफ्टवेअरना फॉन्ट सापडत नाही. पानभर मजकूर दुसऱ्याच फॉन्टात उघडतो.

नौपाड्याची अक्षरं

बाई, कुटुंबाचं नाव सगळीकडे एकच ठेवते, शैलींच्या मराठी नोंदी तेवढ्या करते. चार-पाच सॉफ्टवेअरमध्ये कागद इकडून तिकडे नेऊन बघेन. तुटले तर काढाव्या लागतील, आणि त्याचं मला वाईट वाटेल, कारण निमठळक मला फार आवडलाय.

अठरा नावं ठेवणार नाही. ७५ ला कंडेन्स्ड (अरुंद) ठेवते, मधल्या ८७.५ रुंदीचं नाव गाळते. ज्याला हवं तो अक्ष सरकवून तिथे पोचेल. 'कंडेन्स्ड रेग्युलर' असं लांबलचक लिहिणार नाही, रेग्युलर हा शब्द तिथे गळू शकतो अशी खूण स्टॅट टेबलमध्ये, म्हणजे शैलींची नावं कशी जोडायची ते सांगणाऱ्या तक्त्यात, करते. सहा वजनं मात्र दोन्ही रुंद्यांत राहतील. चारवर यायला मी तयार नाही, मासिकाच्या पानाला मीडियम आणि सेमीबोल्ड दोन्ही लागतात.

डिफॉल्ट ४०० आणि १००. मधला मास्टर आजपासून सुरू करते. पहिली चार अक्षरं घ, ध, म, भ.

महापेचा कोडकरी

फाइल जड होण्याबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. वेबसाठी रुंदीचा अक्ष काढून वेगळी फाइल द्या, मी बनवून देतो.

जुना जुळारी

रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा ये. तीच नोटीस नव्या रेग्युलरमध्ये लावू, आणि झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढून बघू. 'घरपट्टी' घरपट्टीच राहते का ते कळेल.