सर्दीवर व्हिस्की : औषध की निमित्त?

चोंदलेनाक : परवा सर्दीने पार कामातून गेलो होतो. मित्र बाटली घेऊनच आला, कपभर कढत पाण्यात दोन चमचे मध, अर्धं लिंबू आणि वर एक झाकण व्हिस्की घालून दिली. वाफेने चष्मा पांढरा झाला, दोन घोटांत नाक मोकळं आणि झोप अशी लागली की अलार्मसुद्धा ऐकू आला नाही. बायको म्हणते हे सगळे प्यायचे बहाणे. माझं म्हणणं, एवढ्या पिढ्या लोक उगाच देत होते का? बोला.

काढेवाली : वहिनींना माझा पाठिंबा. नाक वाफेने सुटलं, घशाला मधाने बरं वाटलं, आणि श्रेय व्हिस्की घेऊन गेली. तेच सगळं व्हिस्की न घालता करून बघा.

जुनाजाणता : काढेवाली, मग अंगात ऊब येते ती कसली? आणि अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हासुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीवर केमिस्टकडे व्हिस्की मिळायची. ते डॉक्टर काय येडे होते?

काढेवाली : येडे नव्हते, हुशार होते, चिठ्ठीचे पैसे मिळायचे 😄 तिथल्या अधिकृत औषधांच्या यादीतून व्हिस्की आणि ब्रँडी १९१६ सालीच काढली होती, म्हणजे औषध म्हणून आधी बाद झाली आणि चिठ्ठ्यांना ऊत आला नंतर. ऊब म्हणाल तर दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं, गाल लाल होतात, वाटतं छान गरम झालं, पण ती उष्णता अंगातून बाहेर चाललेली असते. कुडकुडणाऱ्याला पेग देणं म्हणजे शेगडी पेटवून दार सताड उघडं ठेवणं.

दाढदुखी_फॅन : मी स्वतः केलेला गाढवपणा सांगतो. रात्री दाढ ठणकायला लागली म्हणून कापसाचा बोळा व्हिस्कीत बुडवून गालात धरला. पाच मिनिटं बधिर, मी खूश. मग बोळा बदलत बदलत तासभर तेच, सकाळी आरशात बघतो तर हिरडी पांढरीफटक आणि जिभेने चाचपलं तर सालपट निघतंय. दाढ होती तिथेच होती, शेवटी रूट कॅनल केलंच, वर डेंटिस्टने हिरडी भाजली म्हणून झापलं ते वेगळं.

जुनाजाणता : बरं दाढेचं सोडा. खरचटल्यावर तरी चालते की, जंतू मरतात.

गोळीबंद : नाही मरत नीट. सॅनिटायझरमध्ये निदान ६० टक्के अल्कोहोल लागतं, व्हिस्कीत असतं ४०-४३. आग मात्र पूर्ण होते. साबण आणि वाहतं पाणी वापरा. आणि धागाकर्ते, त्या रात्री सर्दीची गोळी पण घेतली होती का? त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी आधीच गुंगी येते, अलार्म ऐकू आला नाही त्याचं कौतुक कसलं करताय. पॅरासिटामॉल आणि दारू दोन्हीचा भार लिव्हरवरच. दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीला बोट बुडवून लावणारे पण बघितलेत, त्यांच्यापुढे हात जोडतो, इतक्या लहान जिवाची साखर एकदम खाली जाऊ शकते.

जुनाजाणता : बाळाचं शंभर टक्के मान्य, तिथे वाद नाही. पण मोठ्या माणसाने महिन्यातून एकदा झाकणभर घेतली आणि बरं वाटलं तर वाटू द्या ना, प्रत्येक गोष्टीला लॅब रिपोर्ट कशाला?

काढेवाली : घ्या की, कोण अडवतंय. फक्त औषध म्हणू नका.

चोंदलेनाक : गोळी घेतली होती, हो 🙈 हे मला सुचलंच नव्हतं. काल बिनव्हिस्कीचं करून बघितलं. नाक सुटलं, मान्य. झोप तेवढी लागली नाही. आता मित्र बाटली परत मागतोय, आणि ती झाकणाच्या हिशोबात काही केल्या बसत नाहीये.