पोराची चिडचिड केसांत सापडते का?

नदीकाठी (धागा):
आमच्या पालक-ग्रुपवर सध्या केसांच्या मिनरल तपासणीचं खूळ आहे. मानेजवळचे थोडे केस कापून पाकिटात घालायचे, लॅबला पाठवायचे, की काही दिवसांनी रंगीत आलेख हजर. कॉपर वर, झिंक खाली, मॅग्नेशियम ‘असंतुलित’. शेजारी खुलासाही असतो: म्हणून मूल चिडतं, वस्तू फेकतं, वर्गात एका जागी बसत नाही. आणि खाली त्यांच्याच गोळ्यांचा कोर्स.

माझं मत: पैसे वाया. २००१ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापून आली. एका निरोगी व्यक्तीच्या केसांचे वाटे करून अमेरिकेतल्या ६ व्यावसायिक लॅबना पाठवले होते. १२ खनिजांच्या बाबतीत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या आकड्यात १० पटींहून जास्त फरक निघाला. डोकं एकच बरं का! १९८५ साली २ निरोगी मुलींचे केस १३ लॅबना पाठवले होते, तेव्हाही असाच सावळागोंधळ. अशा आकड्यावरून कुणी माझ्या मुलाचा स्वभाव सांगणार असेल तर कुडमुड्या जोशी काय वाईट? तो निदान स्वस्तात सांगतो.

ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर लिहा.

मृणाल_ठाणे:
माझं वेगळं आहे. माझी लेक ७ वर्षांची. खाण्यात पांढरा भात, टोस्ट आणि बटाटा, बस. डॉक्टरांना विचारलं तर “लाडावलंय, वजन ठीक आहे ना?” एवढंच. केसांच्या रिपोर्टच्या निमित्ताने पहिल्यांदा कुणीतरी बसून ती दिवसभर काय खाते ते विचारलं. झिंक सुरू केलं आणि संध्याकाळची रडारड कमी झाली. आकडा चुकीचा असेलही, पण कमतरता खोटी नाही. सरकारच्याच २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वयाच्या मुलांपैकी १९ टक्क्यांत झिंक कमी होतं, किशोरवयीनांत ३२ टक्के. चेष्टा करण्याआधी एवढं तरी बघा.

सूक्ष्मदर्शक:
मृणालताई, ते सर्वेक्षण रक्त तपासून केलेलं आहे, केस नाही.
मी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते. कोंड्याच्या काही शाम्पूंमध्ये झिंक पायरिथिऑन असतं, काहींत सेलेनियम. ते केसाला चिकटून राहिलं तर मशीनला बाहेरचं झिंक कुठलं आणि शरीरातलं कुठलं हे कळत नाही. बोअरच्या जड पाण्याचं कॅल्शियम तसंच. आणखी गंमत म्हणजे मूल खरोखर कुपोषित असेल तर केसांची वाढच मंदावते, आणि केसातलं झिंक नॉर्मल किंवा जास्तसुद्धा दिसू शकतं! म्हणजे ज्याला गरज, त्याचाच रिपोर्ट चांगला.
केस तपासणं मुळातच थोतांड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पारा लावलेलं बियाणं लोकांनी खाल्लं, तेव्हा कुणाच्या शरीरात कधी किती पारा गेला हे केसांवरूनच शोधलं होतं. आर्सेनिकलाही केस उपयोगी पडतात. पण तो विषबाधेचा प्रश्न झाला. ‘कॉपर-झिंक गुणोत्तर बिघडलं म्हणून भावाला मारतो’ ही उडी वेगळी.

दादर_पश्चिम:
रक्ताची तपासणी म्हणजे काय गंगाजल आहे का? शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी १ टक्कासुद्धा रक्तात नसतं. रक्तातलं झिंक जेवणानंतर बदलतं, ताप-सर्दीत खाली येतं. मग तिथे नॉर्मल आलं म्हणून आईबापांना घरी पाठवायचं?
आणि खनिजांचा वागण्याशी संबंध नाही असंही समजू नका. २०२२ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) लक्षणं असलेल्या ६ ते १२ वर्षांच्या मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ८ आठवडे व्हिटॅमिन-मिनरलचं मिश्रण दिलं. तज्ज्ञांच्या मते ५४ टक्के मुलांत सुधारणा, नकली गोळीवाल्यांत १८ टक्के.

नदीकाठी:
दादा, त्याच चाचणीचा दुसरा अर्धा भाग का गाळलात? पालकांच्या नोंदींमध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दोघांच्याही आईबापांना मूल सुधारल्यासारखं वाटलं. आणि मिश्रण सगळ्यांना एकच होतं, केस बघून प्रत्येकाचा वेगळा डोस ठरवलेला नव्हता. मग तुमच्याच पुराव्याने ती तपासणी कशाला लागते?

खानदेशी_मास्तर:
झेडपीच्या शाळेत शिकवतो. तुमचं झिंक-कॉपर वाचून हसू आलं, रागावू नका. आमच्याकडे ५ ते ९ वयाच्या पोरांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी द्यायची असते, ४५ मिलिग्रॅमची. निम्मी पोरं ती गालात धरतात आणि खिडकीबाहेर टाकतात. मी समोर उभा राहून ‘आ कर’ म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ ला महाराष्ट्रातली ६ महिने ते ५ वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. सगळाच रक्तक्षय लोहाचा नसतो, मान्य. पण लोह कमी असलेलं पोर किरकिरं होतं, लक्ष देत नाही, लवकर दमतं. कोस्टा रिकात तान्हेपणी लोह फार कमी असलेल्या मुलांचा मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला, तर रक्त भरून आल्यावरही लक्ष आणि वागणुकीच्या अडचणी त्यांच्यात जास्त दिसल्या. इकडे सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत येणारी पोरं, आणि चहामुळे तर लोह अंगी कमी लागतं. यात केस कापून काय कळणार?

मृणाल_ठाणे:
मास्तर, तुमचं पटतंय, पण आमच्या इंग्रजी शाळेत गुलाबी गोळी कुणी देत नाही. आणि क्लिनिकमध्ये फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी, स्वतःहून कोण लिहून देतं? डॉक्टर ५ मिनिटं देतात म्हणूनच लोक केसवाल्यांकडे जातात, तिथे तासभर ऐकून घेतात. हे कुणी बोलतच नाहीये.

सूक्ष्मदर्शक:
हे १०० टक्के खरं. फेरिटिन मागूनच घ्या, सोबत सीआरपी (संसर्ग-दाह दाखवणारी रक्ततपासणी), कारण अंगात संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं.
एक विचारते, झिंक रोज किती देताय? जास्त झिंक बरेच महिने दिलं तर शरीरातलं कॉपर घटतं आणि त्यानेही रक्तक्षय होतो. ४ ते ८ वयासाठी अमेरिकेत वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम आहे.

मृणाल_ठाणे:
बाटलीवर ५ मिलीला २० लिहिलंय. ५ मिलीच देते. बंद नाही करणार, फरक पडलाय.

सूक्ष्मदर्शक:
२० झिंक की २० झिंक सल्फेट? सल्फेटचं वजन असेल तर त्यातलं झिंक पाव भागाच्या आसपास, मग काळजी नाही. नुसतं झिंक २० असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे नेऊ नका. लेबलच्या मागच्या बाजूचा फोटो टाका ना.